वाळलं म्हणायचं नाही

घटस्थापनेचा आदला दिवस. मधल्या खोलीचा जुना रंग खरवडून घेत होते, तेव्हा धाकट्या दिरांची आठवण येणं भागच होतं. लातुरात त्यांच्यासारखे शिकवणीवाले सर गल्लोगल्ली आहेत. पण प्लास्टर ऑफ पॅरिसच्या पांढऱ्या भुकटीपायी सबंध जन्म वाया घालवलेला माणूस मी हा एकच पाहिला.

प्लास्टर ‘वाळलं’ असं कुणी म्हटलं की भाऊजींचा घास अडकायचा. जिप्सम भाजून त्यातलं पाणी काढलं की ही भुकटी होते, तिला पाणी परत दिलं की ती ते धरून ठेवते, पुन्हा दगड होते आणि होताना गरम होते. हे त्यांनी छताच्या कारागिराला ऐकवलं, गणपती करणाऱ्याला ऐकवलं. सासऱ्यांच्या मोडलेल्या पायाला प्लास्टर घालताना ते “चटका बसतोय रे” म्हणून कण्हत होते, आणि भाऊजी खुशीत नर्सला कारण समजावत होते. डॉक्टरांनी बाहेर काढलं, तर व्हरांड्यातल्या पेशंटांना धरलं. मी मुद्दाम ‘वाळलं’ म्हणायची.

भूकंपानंतर मधल्या भिंतीला उभी भेग गेली. सासूबाई घरात झोपेनात; अंगणात पत्र्याखाली बिऱ्हाड. लोक भेगा बुजवत होते. भाऊजींनी भेगेवर तळहाताएवढी प्लास्टरची चकती थापली, वर तारीख घातली आणि रोज सकाळी भिंग घेऊन बघत बसले. चकत्यांनी घर उभं राहतं का, असं मी विचारलंच.

“वहिनी, भिंत हलून राहिली असंल तर ही आधी तडकंल. ही शाबूत तर आपण शाबूत.”

थंडीभर तडकली नाही. तेव्हा कुठे सासूबाई आत आल्या. पुढे शिकवण्यांचं पेव फुटलं, भाऊजींच्या वर्गाला रेणापूरची, लोह्याची पोरं जिन्यात बसू लागली. दोन वर्षांमागे ते गेले. सासूबाई मात्र चकतीवर हात फिरवल्याशिवाय आडव्या होत नसत.

मी स्वयंपाकघरात होते तेवढ्यात रंगारी सलीमभाई म्हणाले, “भाभी, भिंतीवर काय तरी वाळून बसलं होतं, काढून टाकलो.”

सासूबाईंनी कोरी भिंत पाहिली, वळकटी काखेत मारली आणि अंगणात गेल्या. समजावून ऐकणारी बाई नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सलीमभाईंकडून दोन मुठी भुकटी घेतली, कालवली, जुन्या जागी थापली आणि ओल्यातच खिळ्याने तारीख कोरली.

“वाळली का गं?” सासूबाईंनी दारातून विचारलं.

“वाळली म्हणू नका,” मी म्हणाले. हात काढला नव्हता. तळव्याखाली चकती गरम होत होती.