ढालीवरची कोरी पट्टी आणि टाइमकीपर तुस्कानो

रविवार, २६ एप्रिल १९९८, संध्याकाळी सव्वासात वाजता शारजातल्या एका मसाल्याच्या व्यापाऱ्याच्या ऑफिसात आपल्या मराठी मंडळींच्या शुक्रवार फुटबॉल लीगच्या समितीची बैठक भरली. दहा मिनिटांत निर्णय झाला. दोन दिवसांपूर्वीचा अंतिम सामना रद्द, विजेतेपद कोणालाच नाही. कारण असं दिलं गेलं की, जिंकलेल्या अजमान थॉर्नबेक संघाचे व्यवस्थापक श्री. बस्त्याव तुस्कानो यांनी एका खेळाडूच्या बदलीचा कागद मुदतीनंतर पाठवला. तेव्हापासून लीगच्या लाकडी ढालीवर दर वर्षाच्या विजेत्याची पितळी पट्टी आहे, पण १९९८ ची पट्टी कोरी आहे.

तुस्कानोसाहेबांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी "काहीतरी गोड लिहा" असं संपादक आणि लीगचे सेक्रेटरी श्री. शिर्के यांनी मला कळवलं. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी आम्हाला स्वच्छ आणि खरं लिहायला शिकवलं. गोड लिहायचा तास नव्हता. तरीही तुस्कानोसाहेबांविषयी खरं लिहिलं की ते आपोआप गोड होतं, त्यामुळे शिर्केसाहेबांची फारशी निराशा होणार नाही. शेवटचे काही परिच्छेद सोडून.

तुस्कानोसाहेबांची आणि माझी ओळख १९९१ च्या सप्टेंबरात झाली, आणि ती भांडणाने झाली. मी अजमानच्या एका बांधकाम कंपनीत मॅनेजरची सेक्रेटरी म्हणून रुजू झाले. साडेसातची वेळ. पहिल्याच दिवशी टॅक्सी चुकली आणि मी चार मिनिटं उशिरा पोहोचले. दारात हिरवी वही घेऊन एक उंच, सावळे गृहस्थ उभे होते. त्यांनी माझं नाव विचारलं आणि समोर लिहिलं, सात चौतीस. ते कंपनीचे टाइमकीपर होते. साइटवरच्या माणसांच्या हजेरीची वेळ लिहिणं हे त्यांचं काम. मी त्यांना ऐकवलं की मी मजूर नाही, मॅनेजरची सेक्रेटरी आहे. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, घड्याळाला आपली पदं ठाऊक नसतात."

मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. पुढच्या शनिवारी वसईहून आलेल्या पाहुण्यांना विमानतळावरून आणताना त्यांना स्वतःला उशीर झाला. कुतूहल म्हणून मी वही उघडून पाहिली. स्वतःच्या नावापुढे त्यांनी त्याच अक्षरात लिहिलं होतं, सात छत्तीस. त्या दिवशी मी त्यांना चहा पाजला. साडेनऊला, त्यांच्या सुट्टीच्या वेळेतच, कारण त्याआधी ते प्यायले नसते.

त्यांचं दुसरं घड्याळ इंग्लंडमध्ये चालायचं. आमचे चीफ इंजिनियर मि. हॅरिस उत्तर इंग्लंडमधल्या थॉर्नबेक नावाच्या लहानशा गावचे. त्या गावच्या फुटबॉल क्लबचे ते जन्मापासूनचे भक्त. निवृत्त होऊन परत जाताना त्यांनी तुस्कानोसाहेबांना सामन्यांच्या छापील कार्यक्रमपत्रिकांनी भरलेलं खोकं दिलं आणि पुढे दर पंधरवड्याला नवी पत्रिका टपालाने पाठवत राहिले. थॉर्नबेक टाउन हा काही टीव्हीवर दिसणारा क्लब नव्हे. माझी लेक रोहिणी एकदा त्यांना म्हणाली, "अंकल, व्हाय थॉर्नबेक? दे नेव्हर विन एनिथिंग." तुस्कानोसाहेब म्हणाले, "जिंकणाऱ्यांकडे सगळं जग बघतं गं. यांच्याकडे कोणीतरी बघायला नको?"

मग त्यांनी अजमानमध्ये दुसरं थॉर्नबेक उभं केलं. गुहागर, दापोली, मालवणचे सुतार, वेल्डर, फिटर, आणि वसईचे दोन वेटर, सगळे एकटे राहणारे पुरुष, सुट्टीच्या शुक्रवारी कामगार-कॅम्पात पडून छताकडे बघणारे. त्यांना हिरवे-पांढरे शर्ट मिळाले. तुस्कानोसाहेबांनी एक लांब वही सुरू केली. डाव्या पानावर इंग्लंडमधल्या थॉर्नबेकचा त्या मोसमाचा संघ, उजव्या पानावर अजमानचा. गोलकीपरसमोर गोलकीपर, बॅकसमोर बॅक. डावीकडे प्रत्येकाचा आधीचा क्लब, उजवीकडे गाव, साइट आणि बुटाचा नंबर. मोसम दोन्हीकडे ऑगस्टातच सुरू व्हायचा. इथल्या ऑगस्टात वाळूवर पळणं म्हणजे काय ते मी काठावर छत्री धरून पाहिलं आहे, पण तुस्कानोसाहेब म्हणत, तिकडे सुरू झालं म्हणजे इकडेही झालं.

बदल्या तर दोन्ही पानांवर सारख्याच. तिकडचा खेळाडू क्लब विकायचा, आपला माणूस कंपनी हलवायची. एका ऑक्टोबरात थॉर्नबेकचा गोलकीपर वरच्या विभागातल्या क्लबने नेला आणि त्याच आठवड्यात आमचा दापोलीचा गोलकीपर दुसऱ्या अमिरातीतल्या रुवैसच्या रिफायनरीच्या कामावर गेला. दोन्ही नावांपुढे त्यांनी एकाच शाईने "बदली" लिहिलं. लीगमध्ये बदलीचा नियमही त्यांनीच आणला. माणूस दुसऱ्या अमिरातीत गेला की तिथल्या संघाचा झाला. मात्र जुन्या संघाने मुक्ततेचा कागद समितीकडे बुधवारी पाचच्या आत पाठवला, तरच तो शुक्रवारी खेळणार. त्याआधी प्रत्येक शुक्रवारी मैदानावर कोण कोणाचा यावरून हमरीतुमरी व्हायची. नियम आला आणि भांडणं खलास.

त्यांचा चांगुलपणाही असाच नियमात बसवलेला असे. १९९५ मध्ये माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. इस्पितळात एका वेळी तिघांनाच आत सोडत. तुस्कानोसाहेब अख्खा संघ घेऊन आले. नर्सने हात आडवा केला. त्यांनी खिशातून घड्याळ काढलं, तिघांना आत पाठवलं, आणि दर तीन मिनिटांनी एक बाहेर, एक आत. सगळा संघ होईपर्यंत ती नर्सच दारात उभी राहून नंबर पुकारायला लागली. टाके दुखतील म्हणून मला हसायची मनाई होती. मी ती पाळली नाही.

आता १९९८. त्या मार्चमध्ये, खेळाडू बदलण्याच्या शेवटच्या दिवशी, इंग्लंडमधल्या थॉर्नबेकने आपला सेंटर-फॉरवर्ड शेजारच्याच प्रतिस्पर्धी क्लबला दिला. गाव खवळलं. पण क्लबचे कपडे-बूट सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याने त्याचे बूट पॉलिश करून त्याच्या हाती दिले, असं मि. हॅरिसनी पत्रात लिहिलं होतं. तुस्कानोसाहेबांनी ती ओळ मला दोनदा वाचून दाखवली.

महिन्याभरात ती वेळ आमच्यावर आली. आमचा सेंटर-फॉरवर्ड गुहागरचा दत्ताराम पावसकर, धंद्याने शटरिंग कारपेंटर, म्हणजे काँक्रीटचे लाकडी साचे बांधणारा. लीगमधले आमचे जवळजवळ सगळे गोल त्याचे. अंतिम सामना शुक्रवारी, रास अल खैमाच्या संघाशी. आणि मंगळवारी कंपनीने दत्तारामला रास अल खैमाच्या सिमेंट कारखान्याच्या कामावर धाडलं. तिथला संघ त्याला घ्यायला टपलेलाच होता. आमच्या खेळाडूंनी तुस्कानोसाहेबांना वेढा घातला. म्हणणं एवढंच, की कागद ड्रॉवरमध्ये राहू दे, गुरुवारी पाठवू. तेवढ्याने दत्ताराम कोणाकडूनच खेळला नसता. मीही त्यांच्याच बाजूची होते, हे इथे कबूल करते. बुधवारी चारला निरोप घ्यायला आलेला दत्ताराम खाली मान घालून उभा होता. त्याने विचारलं, "मामा, मी खेळू की नको? तुम्ही सांगाल तसा वागतो."

तुस्कानोसाहेबांनी टेबलाखालून त्याचे बूट काढले. चकचकीत पॉलिश केलेले. "खेळ. आणि माझ्यासमोर मुद्दाम लंगडलास तर याद राख, पुन्हा बूट मिळणार नाहीत."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, कागद टाइप करा." मी केला. त्यांनी सही केली. मी स्वतः शिर्केसाहेबांच्या शारजातल्या मसाल्याच्या ऑफिसचा फॅक्स नंबर फिरवला. भिंतीवर चार चाळीस झाले होते. आमच्या मशीनने पोच छापली, सोळा चाळीस. कागदाची प्रत दत्तारामच्या खिशात घातली आणि तो पाचच्या टॅक्सीने गेला.

शुक्रवारचा सामना मी जन्मात विसरणार नाही. मध्यंतरापूर्वी दत्तारामने आमच्यावर गोल केला आणि नाचला नाही. कमरेवर हात ठेवून आमच्या काठाकडे बघत राहिला. तुस्कानोसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. आमची पोरं चिडली, आणि ते बरंच झालं. दुसऱ्या अर्ध्यात वसईच्या एका वेटरने कॉर्नरवरून बरोबरी साधली. शेवटची पाच मिनिटं उरली असताना विलास घाग, दत्तारामच्या जागी घातलेला वेल्डर, ज्याने साऱ्या मोसमात एक गोल केला नव्हता, चेंडू डोक्याने मारायला गेला. तो लागला खांद्याला आणि शिरला जाळ्यात. दोन-एक. वाळूत लोळण घेतलेल्या त्या ढिगात सर्वांत वर रास अल खैमाच्या शर्टातला दत्ताराम होता. तुस्कानोसाहेबांनी चष्मा पुसला आणि उजव्या पानावर एकच शब्द लिहिला, "विजेते". पुढच्याच आठवड्यात इंग्लंडमधलं थॉर्नबेकही सेंटर-फॉरवर्डशिवाय जिंकून वरच्या विभागात गेलं. डाव्या पानावरही तोच शब्द आला. त्या वहीत तो शब्द दोन्हीकडे एकदाच आहे.

मधल्या रविवारी मात्र ती बैठक झाली होती. गुरुवार-शुक्रवार बंद असलेल्या ऑफिसात आमचा फॅक्स ट्रेमध्ये पडून होता. शिर्केसाहेबांनी तो समितीपुढे ठेवला. तळाला त्यांच्या मशीनने वेळ छापली होती, अठरा दहा. म्हणजे सहा दहा. मुदतीनंतर सत्तर मिनिटं. म्हणून दत्ताराम अपात्र, म्हणून सामना रद्द, आणि दोष थॉर्नबेकचा. मी आमची पोच पुढे केली. शिर्केसाहेब म्हणाले, "बाई, पाठवणाऱ्याचं मशीन काय, लावाल ती वेळ दाखवेल." पुढे सामना पुन्हा खेळवायचं ठरलं, पण तोवर रास अल खैमाचे निम्मे खेळाडू रुवैसला गेले होते. तो कधीच झाला नाही.

तुस्कानोसाहेबांनी तक्रार केली नाही.  परतताना टॅक्सीत, अजमानच्या गोलचक्कराशी, फक्त एवढंच म्हणाले, "समितीने दिलं ते दिलं. पण मॅडम, मी उशीर केला नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे ना?" ज्या माणसाने उभा जन्म दुसऱ्यांच्या आणि स्वतःच्या वेळा खऱ्या लिहिल्या, त्याला हे विचारावं लागलं. मला राग त्याचा आहे. ढाल गेली तर गेली असती.

मि. हॅरिसनी मात्र आमचा निकाल थॉर्नबेकच्या पुढच्या मोसमातल्या पहिल्या कार्यक्रमपत्रिकेत छापून आणला, दोन ओळींत, संघाच्या फोटोखाली. म्हणजे पाच वर्षं आम्ही इंग्लंडमध्ये विजेते आहोत आणि शारजात नाही.

गेल्या महिन्यात, या लेखासाठी, मी तुस्कानोसाहेबांची लीगची फाइल मागून घेतली. त्यात शिर्केसाहेबांनी समितीच्या वतीने वर्षानुवर्षं पाठवलेले सतरा फॅक्स निघाले. फॅक्सच्या कागदावरची अक्षरं उडतात म्हणून प्रत्येकाची मी तेव्हाच झेरॉक्स काढलेली. प्रत्येकाच्या माथ्यावर शिर्केसाहेबांच्या मशीनने छापलेली वेळ आहे. आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात, आपल्या सवयीने, कागद हातात पडल्याची वेळ तुस्कानोसाहेबांनी लिहिलेली आहे. माथ्यावर साडेबारा, कोपऱ्यात अकरा. माथ्यावर पावणेसहा, कोपऱ्यात सव्वाचार. सतराच्या सतरा कागद निघण्याच्या दीड तास आधी पोहोचलेले. सुपरसॉनिक विमानालाही हे जमत नाही.

अमिरातीपेक्षा दीड तास पुढे कोण असतं हे इथल्या प्रत्येक मराठी माणसाला झोपेतही सांगता येईल. आपण सगळेच एक घड्याळ घरच्या वेळेवर ठेवतो. कोणी मनगटावर, कोणी पलंगाशी. शिर्केसाहेबांचा सगळा व्यवहार मुंबईशी, म्हणून त्यांनी फॅक्सचं मशीन मुंबईच्या वेळेवर ठेवलं. त्यात गुन्हा काही नाही. पण अठरा दहामधून दीड तास वजा करा. चार चाळीस. माझ्या भिंतीवरचे आणि माझ्या पोचपावतीवरचे चार चाळीस. तुस्कानोसाहेब वीस मिनिटं लवकर होते. मी हे त्यांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "वहीत लिहून ठेवतो." पुढे ते हसले. त्यांचं ते हसणं मला सगळ्या ढालींपेक्षा मोठं वाटलं.

साठी पूर्ण झाल्याने तुस्कानोसाहेबांचा व्हिसा संपतो आहे. ३० सप्टेंबरला ते वसईला कायमचे परततील. तिथे त्यांनी केळीच्या बागेत खुर्ची टाकून बसावं, थॉर्नबेकच्या पत्रिका वाचाव्यात, सायकलवरून चर्चला जाण्याइतके गुडघे शेवटपर्यंत शाबूत राहावेत, आणि शतकाची वेळही त्यांनी स्वतःच्याच अक्षरात लिहावी, अशी आपणा सर्वांच्या वतीने मी प्रार्थना करते. इन्शाल्ला, ती त्यांना मुळीच उशीर न करता गाठता येईल.

आणि समितीस: सतराही झेरॉक्स या लेखासोबत जोडल्या आहेत. १९९८ च्या पट्टीवर "अजमान थॉर्नबेक, व्यवस्थापक ब. तुस्कानो" ही अक्षरं कोरली गेल्याचं आणि उशिराचा ठपका मागे घेतल्याचं सेक्रेटरींच्या सहीचं लेखी उत्तर मला गुरुवार, २५ सप्टेंबर २००३ रोजी संध्याकाळी पाचच्या आत मिळालं पाहिजे. फॅक्सने पाठवलं तरी चालेल. पाच म्हणजे अमिरातीचे पाच.

सुमती प्रधान