गोविंदभाऊ आणि अठरा दाते

२० नोव्हेंबर, रविवार. सायकलची चेन रॉकेलनं धुवायला काढली.

माझ्या त्या वर्षीच्या रोजनिशीत त्या दिवशी एवढंच आहे. महाराष्ट्र राज्य होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. पुढचं लिहून ठेवावं लागलं नाही, ते लक्षात राहिलं. अमडापूरचे सायकलवाले गोविंदभाऊ वारले तेव्हा पुष्कळांनी त्यांच्याबद्दल चांगलं सांगितलं. ते सगळं खरं होतं. माझं थोडं वेगळं आहे.

गोविंदभाऊ डोळे मिटून सायकल तपासत. चाक उचलून फिरवायचे आणि मान वाकडी करून ऐकत राहायचे. मग म्हणायचे, "डाव्या अंगाचा छर्रा रडून राह्यला." खोलून पाहिलं की बेअरिंगमधला डाव्या अंगाचाच छर्रा झिजलेला निघे. दुकानाच्या ओट्यावर बसणारी मंडळी पैज लावून थकली. गोविंदभाऊ चुकत नसत.

मी सायकल शिकले ती त्यांच्याकडे, चौतिसाव्या वर्षी. खिंडीपलीकडच्या वाडीत एकशिक्षकी शाळेवर माझी नेमणूक झाली होती. चार मैल अंतर, एसटी नाही. माझ्या वडिलांची जुनी पोलादी सायकल माहेरी पडून होती, ती मी आणवली. नऊवारीचा काष्टा असला की मधला दांडा आड येत नाही. बाजाराच्या रिकाम्या मैदानात गोविंदभाऊ मागून सीट धरून धावायचे. "खाली नका पाहू बाई. जमीन कुठी जात नाही." लोक हसायला जमले की त्यांच्याकडे वळून म्हणायचे, "तुमच्या घरच्याइले बी आना, शिकवतो." मग मैदान रिकामं व्हायचं.

शिकले, पण खिंडीचा चढ जमेना. सायकल वडिलांसारख्या उंच, दणकट माणसाच्या पायांसाठी होती. अर्ध्या चढावर उतरून ढकलत न्यावी लागे. शाळा उशिरा भरू लागली. वाडीत सात मुली शाळेत येत, त्याही शिकवायला बाई आहे म्हणून. शाळेला कुलूप दिसलं की त्यांचे बाप त्यांना तिथूनच शेतावर नेत.

गोविंदभाऊंना विचारलं. त्यांनी सरळ समजावलं. मागच्या चाकाला चेन ज्या दातेरी चक्रावरून ओढते त्या फ्रीव्हीलला अठरा दाते आहेत. तिथं बावीस दात्यांचं बसवलं की पाय जास्त वेळा फिरवावे लागतील, पण जोर कमी लागेल. "सायकल हळू जाईन, पन तुमाले उतरा लागनार नाही."

दुरुस्तीच्या दुकानात बायका उभ्या राहत नसत. मी सायकल ओट्याला टेकवून शाळेच्या कामाला चिखलीला गेले. संध्याकाळी माझे यजमान ती घरी घेऊन आले. दुसऱ्या दिवशी गोविंदभाऊंनी रस्त्यातच सांगितलं, "बावीसचं टाकलं बाई."

चढ होता तसाच राहिला. मी तक्रार केली तर म्हणाले, "नवं हाय, रुळू द्या." दोन महिन्यांनी म्हणाले, "रोज चढत जा, पायाले सवय व्हते." उन्हाळ्यात पुन्हा विचारलं तेव्हा त्यांनी चाक फिरवलं, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "सायकलचं काम झालं बाई. बाकी आता वयाचं हाय."

ते चुकत नसत. म्हणून मी मानलं.

घरी यजमान रोज संध्याकाळी तेल कोमट करून माझ्यासमोर ठेवत. "किती दमतेस. सोडून दे ना." मी गुडघे चोळत बसे. दसऱ्यानंतर दोन मुली शाळेतून कमी झाल्या आणि तपासणीला आलेल्या साहेबांनी उशिराचा शेरा मारला. मी राजीनाम्याचा अर्ज लिहिला. सोमवारी यजमान तो चिखलीला नेऊन देणार होते.

रविवारी चेन धुवायला काढली ती सायकल विकायची म्हणून. त्या सायकलची चेन पत्र्याच्या बंद पेटीत होती, आतलं काही दिसत नसे. पेटीचे स्क्रू मी पहिल्यांदाच काढले. फ्रीव्हीलच्या एका दात्यावर खडूनं खूण केली आणि मोजले. अठरा. उलट्या बाजूनं मोजले. अठरा.

सायकल तशीच उघडी, ढकलत दुकानावर नेली. ओट्यावर चार-पाच जण होते. त्यातला एक म्हणाला, "बाई, आज रविवारी बी शाळा काय?"

"हो," मी म्हटलं. "गोविंदभाऊ, याचे दाते मोजून दाखवा."

"शाळेत पोट्टे मोजा ना बाई, दाते काऊन मोजता?" तो पुन्हा म्हणाला. कोणी हसलं नाही. गोविंदभाऊंनी चाकाकडे पाहिलंही नाही. फडक्याला हात पुसत राहिले.

"तुमचे मालक आले होते त्या दिवशी," ते म्हणाले. "म्हने, काही करू नको. दमली का आपोआप घरी बसन."

"अन् तुम्ही?"

"घरातला मामला. मी काऊन मधात पडू?"

"सायकल कोणाची आहे, गोविंदभाऊ?"

"तुमच्या वडलाची."

"चालवतं कोण?"

ते आत गेले आणि डब्यातून कागदात गुंडाळलेलं फ्रीव्हील घेऊन आले. बावीस दात्यांचं. खामगावहून आणलेलं, ग्रीससुद्धा तसंच. "आनलं होतं बाई. खोटं नाही सांगत. आत्ता बसवून देतो, पाच मिनिटाचं काम हाय."

पाच मिनिटांचं काम. माझं वर्ष गेलं होतं.

"तुम्ही हात नका लावू," मी म्हटलं. "कसं काढायचं ते सांगा."

त्यांनी सांगितलं. काढायची किल्ली शिकंज्यात पक्की धरायची, चाक तिच्यावर आडवं बसवायचं आणि दोन्ही हातांनी उलटं फिरवायचं. मी जोर लावला. हललं नाही.

"घट्ट बसलं असन," ते खाली पाहून म्हणाले. "चढावर जेवढा जोर लावान, तेवढं ते आवळत जाते."

ओट्यावरचे दोघं उठले. मी नको म्हटलं. पाचव्या-सहाव्या झटक्याला ते सुटलं. नवं बसवलं, चेनला दोन कड्या वाढवल्या. गोविंदभाऊ एकेक पायरी सांगत होते, शिकवताना सांगायचे त्याच आवाजात. काम झाल्यावर सवयीनं त्यांचा हात चाक फिरवून पाहायला पुढे आला. मी सायकल मागे घेतली.

मला त्यांनी सायकल दिली, हे मी कधी नाकारलं नाही. तीच त्यांनी एका पुरुषाच्या एका वाक्यावर परतही घेतली. यजमानांचा मला राग आला, पण त्यांना निदान मी घरी हवी होते. गोविंदभाऊंना काहीच नको होतं. वर्षभर मी माझ्याच पायांना दोष देत होते, आणि ते ऐकून घेत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी यजमान कपडे करून अर्ज मागायला आले. अर्ज चुलीत घातल्याचं मी सांगितलं आणि दाते मोजल्याचंही. "तुझ्या भल्यासाठीच केलं," ते म्हणाले. मी डबा बांधून निघाले. खिंडीच्या चढावर पाय भराभर फिरत होते, सायकल बैलगाडीच्या चालीनं जात होती, आणि मी उतरले नाही. वर पोचले तेव्हा धापही नीट लागली नव्हती. शाळा भरायला पाऊण तास होता. मी शाळेकडे न वळता वाडीत गेले आणि शाळा बंद झालेल्या दोन मुलींच्या दारात उभं राहून त्यांना हाका मारल्या.