पाय बुडवलेल्या पाण्याचा रंग

ती केस आजही जशीच्या तशी आठवते, कारण तिच्या कागदपत्रांत माझीही एक सही आहे.

मी तेव्हा हैदराबादच्या एका पोलीस ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. आमचं घर बरकतपुऱ्यात. आजोबांपासून सगळे सरकारी नोकरीत, त्यामुळे मराठी घरात, तेलुगू कचेरीत आणि दखनी उर्दू रस्त्यावर, अशी सवय लहानपणापासूनची. त्या वर्षी पाऊस थांबता थांबत नव्हता. आमच्या हद्दीतल्या तलावाचा बांध एका ठिकाणी खचला आणि खालची वस्ती चार दिवस पाण्यात राहिली. पाणी ठाण्यातही शिरलं होतं. मुद्देमालाची खोली चिखलाने भरली, आणि आम्ही व्हरांड्यात दोऱ्या बांधून केस डायऱ्या वाळत घातल्या होत्या.

पाणी ओसरलं आणि अफवा सुरू झाल्या. वरच्या अंगाच्या कारखान्यांचं विष तलावात मिसळलं होतं, ते आता अंगात मुरलंय, असा मेसेज वस्तीतल्या प्रत्येक फोनवर फिरत होता. कुणाच्या पायाला खाज सुटली, कुणाला ताप आला, की लोक म्हणायचे, 'जहर चढलं.'

अशातच एक गृहस्थ माझ्याकडे अर्ज घेऊन आले. पन्नाशीचे, साधा बुशशर्ट, आवाज मऊ. पूरग्रस्तांसाठी मोफत आरोग्य शिबिर घ्यायचं होतं, वस्तीच्या कम्युनिटी हॉलमध्ये, माईकसह. पदवीचा कागद मी मागितला नाही. दिवसभरात अशा दहा संस्थांचे अर्ज येत होते, कुणी भात वाटत होतं, कुणी चादरी. मी 'हरकत नाही' असं लिहून सही केली.

आठवड्याभरात ते वस्तीचे 'डॉक्टर सार', म्हणजे डॉक्टर साहेब, झाले. त्यांच्याकडे एक यंत्र होतं. टबात कोमट पाणी, त्यात मूठभर मीठ, मध्ये दोन पट्ट्या बसवलेली डबी. माणसाने पाय बुडवून बसायचं. वीस मिनिटांत पाणी चहासारखं तपकिरी व्हायचं. "हे बघा तुमच्या रक्तातलं विष," असं ते सांगायचे. शिबिर फुकट, पण विष पुन्हा चढू नये म्हणून थेंबांची बाटली मात्र विकत घ्यावी लागे. माझ्याच ठाण्याचा एक कॉन्स्टेबल ती बाटली घेऊन आला होता. "सार, माझं पाणी तर काळंच झालं," असं त्याने कौतुकाने सांगितलं. मी हसलो आणि पुढच्या फाईलकडे वळलो.

खबर दिली ती विद्यानगरच्या रस्त्यावरच्या एका मेडिकल दुकानदाराने. वयस्क माणूस, ठाण्याची पायरी पहिल्यांदाच चढलेला. तो म्हणाला, "साहेब, माझं इन्सुलिन खपत नाहीये."

मला वाटलं, चोरीची तक्रार असेल.

"तसं नाही. वस्तीतली आठ गिऱ्हाईकं दर महिन्याला येतात. पुरात सगळ्यांचे फ्रिज बुडाले, म्हणजे घरातलं औषध वाया गेलं असणार. त्यांनी आधीच यायला हवं होतं. एकही आलं नाही. दोघांना मी फोन केला. ते म्हणतात, डॉक्टर सारांनी सांगितलंय की साखर विषामुळेच वाढते, विष निघालं की सुईची गरज नाही. साहेब, त्यात एक मुलगी आहे, सतरा वर्षांची. तिला लहानपणापासूनची साखर आहे. सुईशिवाय ती आठवडाही काढणार नाही."

त्याच्याकडून मुलीचा पत्ता घेऊन मी महिला कॉन्स्टेबलसह लगेच निघालो. घराला कुलूप होतं. मुलीला सकाळीच सरकारी दवाखान्यात नेल्याचं शेजारणीने सांगितलं. तिसऱ्या दिवशी मुलगी गेली. बाकीच्या सात जणांना आम्ही घरोघर जाऊन दवाखान्यात पोहोचवलं आणि ते वाचले.

मुलीची आई शिवणकाम करायची. मी गेलो तेव्हा पुरात गंजलेल्या मशीनशेजारी ती बसली होती. मी विचारलं, "सुई कोणाच्या सांगण्यावरून बंद केली?"

"बुखार था साब. हमारी किस्मत," एवढंच ती म्हणाली. दुसऱ्यांदा गेलो, तिसऱ्यांदा गेलो, उत्तर तेच.

पोलीस स्वतःहून गुन्हा नोंदवू शकतात आणि आम्ही तो नोंदवून 'डॉक्टर सारां'ना अटक केली. पण साक्षीदार कुठून आणायचा? सुई बंद करा असं त्या माणसाने कुठेही लिहून दिलं नव्हतं. वस्तीतलं कुणी बोलायला तयार नव्हतं. उलट त्याला सोडा म्हणून बायका ठाण्यासमोर येऊन बसल्या.

तो स्वतः चौकशीत अगदी शांत होता. "मी कोणाला औषध दिलं नाही, सार. थेंब म्हणजे तुळशीचा अर्क. पाय पाण्यात बुडवणं हा गुन्हा आहे का? आणि सुई बंद करा असं मी म्हणालो, हे सांगणारा एक माणूस समोर आणा." माझ्या नोकरीत मी अनेक आरोपी पाहिले. खोटं बोलणारा माणूस बहुधा जास्त बोलतो. हा मोजकंच बोलायचा, आणि विचारलं तेवढंच.

जप्त केलेलं यंत्र प्रयोगशाळेत पाठवायचं होतं. तिथून उत्तर यायला महिने लागतात, म्हणून आधी मी आमच्या ओळखीच्या एका निवृत्त रसायनशास्त्राच्या बाईंना ठाण्यात बोलावलं. त्यांनी डबीला हात न लावता ती चारही बाजूंनी पाहिली आणि म्हणाल्या, "कुणाचेही पाय न घालता चालू कर बरं."

पंचांसमोर आम्ही ते चालू केलं. वीस मिनिटांत पाणी तपकिरी झालं.

"लोखंडाच्या पट्ट्या, मीठ आणि वीज," बाई म्हणाल्या. "हा गंज आहे. दुसरं काही नाही."

त्याच दिवशी दुपारी आम्ही कुकटपल्लीतल्या त्याच्या फ्लॅटची झडती घेतली. दार त्याच्या आईने उघडलं. थकलेली बाई, भिंतीला धरून चालणारी. फ्रिजच्या दारात इन्सुलिनच्या तीन कुप्या होत्या आणि बिल तिच्या नावाचं, शिबिर चालू असतानाच्या तारखेचं. मी तिला विचारलं, "अम्मा, सुई कोण देतं?"

ती तेलुगूत म्हणाली, "माझा मुलगा. रोज सकाळी, स्वतःच्या हाताने. एक दिवस चुकवत नाही."

मी परत आलो आणि झडतीचा पंचनामा त्याच्यासमोर ठेवला. त्याने तो वाचला. मी एकच प्रश्न विचारला, "आईचे पाय का नाही बुडवले?"

त्याने कागद उलटा करून टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "ती माझी आई आहे, सार."

त्यानंतर त्याने सगळं सांगितलं. मुलीला उलट्या सुरू झाल्या तेव्हा तिच्या आईने त्याला फोन केला होता. विष बाहेर पडतंय, चांगलं लक्षण आहे, असं त्याने तिला सांगितलं होतं. पण पोलिसांसमोर दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. मला मुलीच्या आईची साक्ष हवी होती.

कोर्टाची परवानगी काढून रविवारी सकाळी ते यंत्र आम्ही त्याच कम्युनिटी हॉलमध्ये नेलं. माईक तोच, टब तोच. मी लोकांना सांगितलं, कुणीही पाय घालू नका, फक्त बघा. पाणी हळूहळू रंग बदलू लागलं तशी कुजबुज थांबली. एक म्हातारा ओरडला, "पोलिसांनी मशीन बिघडवलंय!" दोघेतिघे उठून गेले. फसवलं गेल्याचा राग माणूस आधी सांगणाऱ्यावरच काढतो.

ती आई मागच्या भिंतीपाशी उभी होती. ती पुढे आली, टबाजवळ बसली, पाण्यात हात घालून तिने तो बाहेर काढला आणि तळहाताकडे पाहिलं.

"बगैर पाँव के?" तिने विचारलं.

"हौ अम्मा. बगैर पाँव के."

त्याच दुपारी ती ठाण्यात आली. तेव्हा मला कळलं की ती इतके दिवस का गप्प होती. जबाबात 'सुई कोणी बंद केली' हेही लिहावं लागणार होतं. कायदा तिला दोषी धरणार नाही, हे मी तिला समजावू लागलो. तिने मला हाताने थांबवलं. "लिखो साब. उन्हों बोले, मैं बंद करी. दोनों लिखो."

खटल्यात बचावाच्या वकिलाने तिला तोच प्रश्न विचारला. सुई कोणी बंद केली? ती म्हणाली, "मैं." मग फोनवर काय बोलणं झालं ते तिने शब्दन् शब्द सांगितलं. स्वतःला न वाचवणाऱ्या त्या साक्षीला उलटतपासणीत कुठे धक्का लागला नाही. आरोपीला शिक्षा झाली.

वस्तीतले लोक अडाणी म्हणून फसले, असं पुष्कळांनी मला सांगितलं. मला ते पटत नाही. माझा कॉन्स्टेबल पदवीधर होता. पुरानंतर आम्ही सगळे सरकारी लोक त्या वस्तीत फॉर्म घेऊन उभ्या उभ्या गेलो, आधार कार्ड मागितलं, घरात किती पाणी शिरलं ते विचारलं आणि पुढच्या दारी गेलो. तो माणूस खाली बसला, एकेकाचे चिखलाने भरलेले पाय त्याने हातात घेतले आणि नाव विचारून बोलला. घाबरलेला माणूस आपल्याशी कोण नीट बोलतंय ते आधी बघतो, आणि पदवी नंतर बघतो. तीही मी बघितली नव्हती.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या आवारात ती आई माझ्यापाशी आली. आभार मानायला आली असेल असं मला वाटलं. तिने हळूच विचारलं, "साब, वो तालाब के पानी में सच्ची जहर था क्या?"

गुन्हा नोंदवल्यापासून निकालापर्यंत शेकडो कागद माझ्या हाताखालून गेले होते. त्या पाण्याचा नमुना कुणी घेतला का, तपासला का, आणि तपासला असेल तर या लोकांना कधी कुणी सांगितलं का, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

"मालूम नहीं, अम्मा," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि ती बसस्टॉपकडे चालू लागली.