बियाण्याला राखलेला वाफा

एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास मी कृषी संशोधन केंद्रासाठी मुळशीत बरसीम घासाचं बी गोळा करत फिरायचो. गावोगावच्या घासातून चाऱ्याचा सरस वाण काढायचा होता. पौडजवळ नदीकाठच्या एका बाईचा घास इतरांपेक्षा उशिरापर्यंत हिरवा राहायचा. बोलताना ती पदरानं विळा पुसत राहायची. बियाण्यासाठी एक वाफा राखायचं तिनं कबूल केलं.

उन्हाळ्यात गेलो, तर वाफा बी धरण्याआधीच कापलेला.

"गाय व्याली, दावणीला काडी न्हवती," ती म्हणाली. "आईनं दिल्यालं बियानं हुतं दादा. आता मूठभर बी उरलं न्हाई."

"गाय बरी आहे ना?"

"हाय की. दूध देतीया." ती तोंड फिरवून उभी राहिली.

पुढे आमचा नवा वाण गावोगाव गेला; तिच्या आईचं बी त्यात नव्हतं. तिच्या दारी तो घेऊन जायला मला कधी धीर झाला नाही.