पवळ्याच्या कवड्या

देऊळघाटच्या आमच्या झुंबरकाकूंनी तीस वर्षं पोळ्याला घरच्या बैलांचा साज स्वतः गुंफला. शेवटचा बैल पवळ्या गेला आणि ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरला गळा नसतो, त्यामुळे कवड्यांची माळ डब्यात गेली. काकूंचे हात रिकामे झाले आणि सून राखीच्या भाकरी वाकड्या दिसू लागल्या.

भावाच्या लग्नासाठी राखीनं न विचारता तो डबा उघडला. कवड्या आणि लाल गोंडे घेऊन तिनं छातीभर रुंद हार केला. तो घालून ती सासूपुढे उभी राहिली.

काकू तिच्याभोवती फिरल्या, बाजारात बैलाभोवती फिरतात तशा.

"काऊन वो, गाठी अशा ढिल्या मारतात का? पवळ्यानं एक झटका देला असता तं कवड्या गावभर झाल्या असत्या!"

"मी कायले झटका देतो, आत्याबाई?"

"लग्नात नाचशीन का नाही?"

काकूंनी सगळा हार उसवून पुन्हा ओवला. वर सल्ला दिला, "कानातले काढ, लुगडं साधं नेस. माळ भारी असली का झूल साधी टाकाव."

लग्नात बायका नवरी सोडून हारच पाहत राहिल्या. घरी येताच काकूंनी तो पवळ्याच्या खुंट्याला अडकवला, हळदकुंकू वाहिलं आणि हात जोडले. "बापा, जाऊनही मले काम देऊन गेला!"

आता चार घरचे हार काकूंकडे ओवायला आहेत. राखीच्या भाकरी तेव्हापासून गोल होतात म्हणे.