मयताचं ताट

ल्युवेनियाचा शेवटचा एक पौंड तेवढा उतरायचा राहिला होता. वर्षभरात ती दोनशे ऐंशीवरून दोनशे एक्केचाळीसवर आली होती. दोनशे चाळीस झाले की गुडघ्याचं ऑपरेशन, नाहीतर चाकाची खुर्ची. आणि दारापुढच्या सहा पायऱ्या खुर्चीला चढता येत नाहीत. डेट्रॉइटला राहणाऱ्या तिच्या मुलाने तिच्यासाठी वृद्धाश्रमातली खोली महिनाअखेरपर्यंत धरून ठेवली होती. एकाहत्तराव्या वर्षी परक्याच्या हातच्या पाणचट मक्याच्या कण्या गिळायची तिची बिलकूल तयारी नव्हती.

रोज सकाळी ती आणि तिची मैत्रीण कॉर्डेलिया चर्चच्या रिकाम्या बाकांभोवती वीस फेऱ्या मारायच्या. बाहेर रस्त्याला चालायला फूटपाथच नव्हता. नवऱ्याच्या मागेही मी एवढी पळाले नाही, असं कॉर्डेलिया धापा टाकत म्हणायची. मागच्या मंगळवारी तेराव्या फेरीला ती बाकावर टेकली, ती उठलीच नाही. साखर आणि रक्तदाब. अलाबामातल्या त्या गावात काळ्या माणसांना वारसाहक्काने एवढंच मिळतं. जमिनी दुसऱ्यांना मिळाल्या.

शनिवारी तिला माती दिली आणि सगळे चर्चमागच्या हॉलमध्ये जेवायला बसले. तळलेली कोंबडी, खारवलेल्या डुकराच्या मांसात शिजवलेला पाला, चीजमध्ये थबथबलेली मॅकरोनी, लोण्याचा केक. मयताचं ताट कोणी नाकारत नाही. नाकारलं तर मेलेल्या माणसाशी वैर होतं असंच लोक धरतात. सोमवारी दवाखान्यात वजन करायचं होतं, म्हणून ल्युवेनिया कोपऱ्यात काकडी चघळत बसली होती.

कॉर्डेलियाची बहीण ऑर्थेल सुजल्या पायांनी ताट घेऊन आली.

"नको गं," ल्युवेनिया हळूच म्हणाली. "हेच खाऊन गेली ती."

आजूबाजूचे चमचे थांबले.

"तुझ्या मयताला ती जेवली असती," ऑर्थेल म्हणाली. "दोनदा वाढून घेतलं असतं."

ते खरंच होतं. ल्युवेनियाने ताट पुढे ओढलं. मेलं चवीलाही झकास होतं, याचाच तिला जास्त संताप आला. रडत रडत तिने हाडंसुद्धा साफ केली आणि केकही संपवला.

सोमवारी काटा दोनशे चव्वेचाळीसवर थांबला. मिठाने अंगात पाणी धरलंय, दोन दिवसांत उतरेल, असं ती नर्सला परोपरीने सांगत राहिली. नर्सने मान डोलावली आणि पुन्हा वजन करायला सहा महिन्यांनंतरची तारीख दिली.

संध्याकाळी मुलाने फोनवर विचारलं, खाल्लंस तरी कशाला?

"तिला तशीच कशी पाठवू रे," ल्युवेनिया म्हणाली. मग वृद्धाश्रमात स्वतःचा पलंग नेऊ देतात का, ते तिने विचारलं.