पहिली कात्री ताईंच्या केसांना

पार्लरवाल्या ताई नव्या बाईच्या हाती पहिलं डोकं द्यायच्या ते स्वतःचंच. दुपारी गिऱ्हाईक नसलं की खुर्चीत बसून म्हणायच्या, "काप बिनधास्त. केस काय, घरचीच शेती."

चाळिशीत पहिल्यांदाच नोकरीला लागलेल्या एका बाईची कात्री अशी घसरली, की ताईंच्या केसांची उजवी बाजू थेट कानाच्या वर गेली. बाईनं कात्री खाली ठेवली.

ताईंनी शांतपणे आरशात पाहिलं. "आता डावी बाजू उजवीच्या बरोबरीला आण. घाई नको."

एकेक बट धरत बाईनं ती आणली.

संध्याकाळी ताईंचे यजमान दारातच थबकले. "केसांवर कसला राग काढलास?"

"बिघडलेलं सावरलंय हिनं," ताई म्हणाल्या. "उद्यापासून ही गिऱ्हाईकं घेणार."

बाई दिवसभरात पहिल्यांदा हसली.